रास्कल : एक मैत्री, दोन राने

जपानमधील क्योतो आणि नारा ही प्राचीन मंदिरांची शहरे म्हणून जगप्रसिद्ध आहेत. तेथील लाकडी मंदिरे पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपली गेली. युद्धे, भूकंप आणि आगी यांतून वाचलेल्या या मंदिरांच्या खांबांवर गेल्या काही दशकांत मात्र एक नवीच खूण उमटू लागली आहे. खालून वर चढत गेलेले पाच-पाच नखांचे ओरखडे ही ती खूण. खांबाच्या आधाराने एक प्राणी रात्री छपराच्या पोकळीत शिरतो, तेथे पिलांना जन्म देतो आणि मलमूत्राने छताच्या फळ्या कुजवतो. हा प्राणी म्हणजे रकून. मांजरापेक्षा थोडा मोठा, करड्या रंगाचा, शेपटीवर काळी वलये असलेला आणि डोळ्यांवर चोराने बांधावा तसा काळा पट्टा असलेला.

रकून मूळचा जपानचा नाही, तो उत्तर अमेरिकेचा. प्रशांत महासागर ओलांडून तो स्वतःहून जपानला गेला नाही. माणसांनी त्याला नेले, आणि नेले ते मुख्यतः कातड्यासाठी किंवा मांसासाठी नव्हे, तर लाडाकोडात वाढवण्यासाठी. त्या लाडाचा माग काढत गेले की आपण जपानपासून हजारो मैल दूर, अमेरिकेतील एका लहान गावात आणि एका अकरा वर्षांच्या मुलाच्या घरात जाऊन पोहोचतो.

आईविना घर

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील एजर्टन हे तंबाखूच्या शेतीवर आणि व्यापारावर जगणारे गाव. स्टर्लिंग नॉर्थ या मुलाचा जन्म याच परिसरात ४ नोव्हेंबर १९०६ रोजी झाला. तो सात वर्षांचा असताना त्याच्या आईचे निधन झाले. दोन्ही बहिणी वयाने बऱ्याच मोठ्या व घरापासून दूर होत्या. थोरला भाऊ हर्शेल पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर लढत होता. वडील बहुश्रुत व प्रेमळ, परंतु आपल्याच विचारांत हरवलेले असत. कामानिमित्त त्यांना वारंवार बाहेरगावी जावे लागे. मुलाने कधी काय खावे, कधी निजावे, दिवसभर कोठे भटकावे यावर कसलेच बंधन नव्हते. स्टर्लिंगने चक्क दिवाणखान्यात होडी बांधायला घेतली, तेव्हाही वडिलांनी हरकत घेतली नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला अशा स्वातंत्र्याचा हेवा वाटावा. पण तिन्हीसांजेला ज्या घरी वाट पाहणारे कोणी नसते, तेथील स्वातंत्र्य मुलाला जडच जाते. स्टर्लिंगने ती पोकळी प्राण्यांनी भरून काढली. वाउझर नावाचा धिप्पाड सेंट बर्नार्ड कुत्रा त्याचा पाठीराखा होता. कवी एडगर ॲलन पो यांच्या नावावरून ‘पो’ म्हटला जाणारा एक कावळा चर्चच्या घंटाघरात राही आणि दिवसभर या घराभोवती घिरट्या घाली. या गोतावळ्यात १९१८ च्या मे महिन्यात आणखी एका सोबत्याची भर पडली.

टोपीतून आलेले पिलू

त्या दिवशी स्टर्लिंग आणि त्याचा एक मित्र गावाबाहेरच्या वेंटवर्थच्या रानात गेले होते. वाउझरने एका जुन्या बुंध्याखालची ढोली उकरली. आतील रकून मादी पिलांना घेऊन पळाली, पण एक पिलू मुलांच्या हाती लागले. मूठभर आकाराचा तो जीव टोपीत घालून त्यांनी घरी आणला.

या मैत्रीच्या खात्यातील ही पहिली नोंद. ती जमेची म्हणावी की नावेची? ज्या मुलाची आई हरपली होती, त्यानेच एका पिलाला त्याच्या आईपासून तोडले होते. तसे करण्यात क्रूरता नव्हती, होती ती निव्वळ बालसुलभ ओढ. तथापि हेतू निर्मळ असला म्हणून कृतीचा परिणाम टळत नाही. ही पहिली नोंद पुढील सर्व हकिगतीत ध्यानात ठेवावी लागते.

पिलाला दूध पिता येईना. तेव्हा मित्राच्या आईने, एका नॉर्वेजियन गृहिणीने, गव्हाच्या पोकळ काडीतून कोमट दूध थेंब थेंब पाजून त्याला जगवले. पुढे त्याची सर्व जबाबदारी स्टर्लिंगकडे आली आणि त्याचे नाव पडले रास्कल. आपल्याकडे हा इंग्रजी शब्द शिवीसारखा वापरला जातो. त्या घरात मात्र, आजी नातवाला कौतुकाने ‘लबाडा’ म्हणते, तोच भाव त्या हाकेत होता.

घरामागच्या ओक वृक्षाच्या ढोलीत रास्कलची सोय केली होती. थोड्याच दिवसांत तो दाराची कडी पंजाने उघडायला शिकला आणि रात्री मुलाच्या अंथरुणात येऊन झोपू लागला. सकाळी घरातील लहान मुलाच्या जुन्या उंच खुर्चीवर बसून तो न्याहारी करी. एकदा स्टर्लिंगने त्याला साखरेचा खडा दिला. खाण्याचा जिन्नस पाण्यात चाळवण्याच्या आपल्या सवयीप्रमाणे रास्कलने तो दुधाच्या वाडग्यात बुडवून घोळला. खडा विरघळून गेला. वाडग्याच्या तळाशी पंजे फिरवून तो आपली हरवलेली वस्तू कितीतरी वेळ शोधत राहिला. पुन्हा खडा मिळाला, तेव्हा तो त्याने सरळ तोंडात टाकला. एकदा ठेच लागल्यावर शहाणे होण्याचा गुण या चिमुकल्या जिवापाशी होता.

सायकलच्या टोपलीत बसून, वारा अंगावर घेत फिरणे हा त्याचा सर्वांत आवडता विरंगुळा होता. चकचकीत वस्तूंचे त्याला अनावर आकर्षण होते. थोरली बहीण थिओ माहेरी आली असताना तिची हिऱ्याची अंगठी नाहीशी झाली. घरभर शोधाशोध झाली. अंगठी रास्कलने लांबवली होती, पण त्याच्याकडून ती कावळ्याने हिरावली होती. अखेर ती सापडली चर्चच्या घंटाघरात, पोच्या घरट्यात. चोरावर मोर या म्हणीचा असा प्रत्यय क्वचितच येतो.

त्या उन्हाळ्यात वडील मुलाला आणि रास्कलला घेऊन उत्तरेकडे, सुपीरियर सरोवराच्या परिसरात ब्रूल नदीकाठी मुक्कामाला गेले. एरवी एकमेकांशी मोजकेच बोलणाऱ्या बापलेकांना एकत्र आणण्याचे काम या लहानशा प्राण्याने केले. पाळलेला जीव कधी कधी घरातील माणसांमधलाच दुवा होतो, तो असा.

गोडीची किंमत

रास्कलच्या स्वभावातील रान मात्र जागे व्हायचेच होते. निमित्त घडले ते मक्याच्या कोवळ्या, गोड कणसाचे. स्टर्लिंगने कौतुकाने ते त्याला चाखायला दिले. ती चव अशी काही लागली की रास्कल रात्री शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बागांतील कणसे ओरबाडू लागला. एका संध्याकाळी सारे शेजारी तक्रार घेऊन दारात उभे राहिले. कोणी त्याला गोळी घालण्याची भाषा केली, कोणी सापळा लावण्याची. वडिलांनी शांतपणे मध्यस्थी केली आणि तडजोड ठरली. रास्कलच्या गळ्यात पट्टा येणार होता, बाहेर नेताना साखळी लागणार होती आणि रात्री त्याला पिंजऱ्यात राहावे लागणार होते.

तो पिंजरा स्टर्लिंगला स्वतःच्या हातांनी बांधावा लागला. ज्याला त्याने मित्र मानले, त्याच्यासाठीच तुरुंग उभारण्याची पाळी आली. पुढे शाळेत एका खोडकर मुलाने रास्कलच्या तोंडावर रबरी फीत ताणून मारली. रास्कल त्याला चावला. पिसाळण्याच्या शंकेने त्याला दोन आठवडे बंदिस्त ठेवावे लागले. या सर्व प्रसंगांत रास्कलचा अपराध कोणता, हा प्रश्न विचारला तर उत्तर एकच मिळते. तो रकूनासारखा वागत होता. माणसाच्या वस्तीत राहणे हे त्याने निवडलेले नव्हते, आणि तरीही त्या वस्तीच्या नियमांची शिक्षा त्यालाच भोगावी लागत होती.

सूचीपत्रातील चित्र

या कथेतील सर्वांत महत्त्वाचा क्षण रास्कलच्या खोड्यांत नाही, तो एका व्यापारी सूचीपत्रात आहे. त्या काळी अमेरिकेतील खेड्यांमधली मुले हिवाळ्यात ओढ्याकाठी लोखंडी सापळे लावत. त्यांत सापडलेल्या मस्करॅट या पाणथळ भागातील केसाळ प्राण्यांची कातडी विकून हातखर्चाचे पैसे मिळवत. कातड्यांचे व्यापारी दरपत्रके आणि सचित्र सूचीपत्रे गावोगाव धाडत. स्टर्लिंगही असे सापळे लावत असे. त्यात त्याला काही गैर वाटत नव्हते, कारण अवतीभवती कोणालाच ते गैर वाटत नव्हते.

१९१८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर तो असेच एक सूचीपत्र चाळत होता. त्यातील एका पानावर सापळ्यात पंजा अडकलेल्या रकूनाचे चित्र होते. जे पंजे रोज सकाळी त्याच्या शेजारी बसून साखर चाचपत, कडी उघडत, त्याच्या खिशांत शिरत, तसाच पंजा लोखंडी जबड्यात चिरडलेला दिसत होता. ते चित्र पाहिल्यावर स्टर्लिंगने आपले सापळे कायमचे गुंडाळून ठेवले. योगायोगाने ११ नोव्हेंबर १९१८ रोजी महायुद्ध थांबले आणि जगभर शस्त्रसंधीचा आनंद साजरा झाला. त्याच सुमारास या बारा वर्षांच्या मुलाने प्राण्यांशी आणि पक्ष्यांशी आपलाही कायमचा तह केला.

त्यासाठी कोणी त्याला उपदेश केला नव्हता, कोणी नियम दिला नव्हता. आजवर ‘माल’ म्हणून पाहिलेल्या एका कातड्यामागे त्याला प्रथमच एक ओळखीचा चेहरा दिसला, एवढेच घडले. हा त्याग फुकटचाही नव्हता. सापळ्यांतून मिळणारे पैसे हे त्याच्या कमाईचे साधन होते, आणि अर्धवट होडीसाठी कापड घ्यायचे बाकी होते. पुढील दशकात तर रकूनाच्या कातड्याचे लांब कोट घालण्याची मोठी लाट अमेरिकेच्या महाविद्यालयांत आली. बाजार चढा असताना त्यातून बाहेर पडणे किती अवघड असते, हे व्यापार करणाऱ्या कुटुंबांना वेगळे सांगायला नको.

चांदण्यातील निरोप

हिवाळा सरला. १९१९ चा वसंत आला, तेव्हा रास्कल एक वर्षाचा झाला होता. रात्री रानातून माद्यांची साद येऊ लागली. पिंजऱ्यात तो अस्वस्थ येरझारा घाली. शेजाऱ्यांचा संयमही संपत आला होता. स्टर्लिंगपुढे दोन वाटा होत्या. एक, पिंजरा अधिक भक्कम करणे. दुसरी, ज्याच्यासाठी आपण जगलो त्याला गमावणे.

दिवाणखान्यात बांधलेली होडी अखेर पाण्यात उतरली होती. त्याच होडीत रास्कलला बसवून स्टर्लिंग ओढ्यातून, नदीतून, कोशकोनाँग सरोवर ओलांडून वेंटवर्थच्या रानाकडे निघाला. वर्षापूर्वी टोपीत घालून त्याला जेथून आणले होते, तेच हे रान. चांदणे पसरले होते. काठावरून एका मादीची साद ऐकू आली. रास्कल क्षणभर घुटमळला, मग काठावर उतरून तिच्या दिशेने गेला. मुलाने होडी वळवली आणि तो वेगाने वल्ही मारत तेथून दूर गेला.

हा निरोप हृदयस्पर्शी आहे, परंतु त्याचे खरे मोल भावनेपलीकडचे आहे. स्टर्लिंगने रास्कलला कोठेही सोडले नाही. ज्या मातीत तो जन्मला होता, जेथे त्याच्या जातीचे जीव होते, तेथील ऋतू, भक्ष्य आणि शत्रू हजारो वर्षांपासून त्याच्या रक्ताला ठाऊक होते, तेथेच त्याला परत पोहोचवले. खात्यातील पहिली नोंद नावेची होती. वर्षभराने त्या मुलाने ती आपल्या परीने फेडली.

पुस्तकातून पडद्यावर

स्टर्लिंग नॉर्थ पुढे नामांकित पत्रकार आणि लेखक झाले. शिकागोच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकाचे ते साहित्य संपादक होते. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, १९६३ मध्ये त्यांनी रास्कलबरोबरच्या त्या एका वर्षाच्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. पुढल्याच वर्षी बालसाहित्यातील प्रतिष्ठेच्या न्यूबेरी पुरस्कारांत त्या पुस्तकाचा सन्मान झाला. १९६९ मध्ये डिस्ने कंपनीने त्यावर चित्रपट काढला. डिसेंबर १९७४ मध्ये नॉर्थ यांचे निधन झाले.

पुस्तकाची दुसरी कहाणी त्यानंतर सुरू झाली, आणि ती पाहण्यास लेखक हयात नव्हते. १९७७ च्या जानेवारीपासून जपानच्या दूरदर्शन वाहिनीवर ‘अराइगुमा रासुकारू’ ही बावन्न भागांची व्यंगपट-मालिका सुरू झाली. ‘अराइगुमा’ म्हणजे धुणारे अस्वल, हे रकूनाचे जपानी नाव. ‘रासुकारू’ हा रास्कलचा जपानी उच्चार. वर्षभर दर आठवड्याला जपानी मुलांनी त्या गोजिरवाण्या पिलाला दूध पिताना, सायकलच्या टोपलीतून फिरताना आणि मित्राच्या कुशीत झोपताना पाहिले. आपल्याही घरी असाच एक रास्कल असावा, असा हट्ट घरोघरी सुरू झाला. मागणी आली की पुरवठा येतोच. उत्तर अमेरिकेतून रकूनाची पिले शेकड्यांनी जपानला जाऊ लागली.

दुसरे रान

व्यंगपटातले पिलू गोजिरवाणेच राहते, खरे पिलू मोठे होते. वर्षभरात रकूनाचे वजन पाच-सात किलोंवर जाते, दात आणि नखे तीक्ष्ण होतात, तो रात्रभर जागतो, कपाटे उघडतो, वस्तू फाडतो आणि प्रसंगी मालकालाही चावतो. पिसाळ रोगाचा आणि आतड्यांतील घातक कृमींचा प्रसार त्याच्याकडून होऊ शकतो. एजर्टनच्या शेजाऱ्यांनी जे भोगले, ते आता जपानच्या शहरांतील लहान घरांना भोगावे लागले. त्रासलेल्या कुटुंबांनी मग काय केले? मालिकेत जे पाहिले होते, तेच केले. रकूनाला जवळच्या रानात नेऊन सोडून दिले. कित्येक रकून तर पिंजऱ्यातून स्वतःच निसटले.

कृती वरकरणी तीच होती, रान मात्र तेच नव्हते. वेंटवर्थच्या रानात जी मुक्तता होती, ती जपानच्या रानात आपत्ती ठरली. तेथे रकूनाला आवरणारा नैसर्गिक शत्रू जवळजवळ नाही, आणि एक मादी एका विणीत साधारण तीन ते पाच पिले देते. मालिकेच्या आधीही, १९६२ मध्ये आयची प्रांतातील इनुयामा येथून सुमारे डझनभर रकून निसटल्याची नोंद आहे. १९७९ मध्ये होक्काइडो बेटावरील एनिवा भागात पाळलेले आणखी काही रकून सुटले. मालिकेनंतरच्या मागणीने मात्र या ठिणग्यांचा वणवा झाला. आज रकून जपानच्या बहुतेक सर्व प्रांतांत पसरले आहेत. मका, कलिंगडे, खरबुजे आणि स्ट्रॉबेरी यांची शेते ते उद्ध्वस्त करतात. तळ्यांतील दुर्मिळ सॅलमँडर आणि बेडूक खातात, झाडांच्या ढोल्या बळकावून घुबडांना बेघर करतात. मंदिरांच्या खांबांवरील ओरखडे त्यांचेच.

जपान सरकारने २००४ मध्ये परदेशी उपद्रवी प्रजातींविषयी कायदा केला आणि तो जून २००५ पासून अमलात आला. त्यानुसार रकूनाची आयात, पालन, वाहतूक आणि त्याला मोकळे सोडणे या सर्वांवर बंदी आहे. पण बंदी येईपर्यंत उशीर झाला होता. आता तेथे दरवर्षी हजारो रकून पकडून मारले जातात. एका मुलाने ज्या प्राण्याच्या प्रेमाखातर सापळे कायमचे टाकून दिले, त्याच प्राण्यासाठी, त्याच मुलाच्या गोष्टीमुळे, एका दूरच्या देशात सापळे लावावे लागले. हिंसेचा हा हिशेब कोणाच्या नावावर मांडायचा? त्या रकूनांचा तर काहीच अपराध नव्हता. त्यांनी समुद्र ओलांडण्याची इच्छा केली नव्हती.

धुण्यामागचे दुःख

रकूनाच्या ज्या सवयीवर सारे लुब्ध झाले, तिच्याविषयी शास्त्रज्ञांनी सांगितलेली एक गोष्ट विचार करायला लावते. रकूनाच्या शास्त्रीय नावातील ‘लोटर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘धुणारा’ असा आहे, आणि जपानी नावाचा आशयही तोच. प्रत्यक्षात रकून अन्न स्वच्छतेसाठी धूत नाही. त्याच्या पुढच्या पंजांना विलक्षण स्पर्शज्ञान असते. मेंदूतील संवेदनेच्या क्षेत्राचा मोठा हिस्सा केवळ या पंजांच्या वाट्याला आलेला असतो. निसर्गात तो ओढ्याच्या उथळ पाण्यात पंजे फिरवून खेकडे, शिंपले आणि बेडूक चाचपून शोधतो. बंदिवासात आयते अन्न समोर येते, शोधायला ओढा मात्र उरत नाही. तेव्हा तो ते अन्न पाण्यात टाकतो आणि पुन्हा शोधून काढतो. अन्न पाण्यात बुडवण्याची ही सवय मुख्यतः पाळलेल्या आणि पिंजऱ्यातील रकूनांत दिसते.

याचा अर्थ उमगला की दुधाच्या वाडग्यातील साखरेचा तो गमतीदार प्रसंग वेगळाच दिसू लागतो. पाहणाऱ्यांना ज्याचे कौतुक वाटत होते, ती कदाचित हरवलेल्या ओढ्याची आठवण होती. आपण ज्याला त्याची लडिवाळ अदा समजतो, ती कित्येकदा त्याची उणीव असते. ममत्वाच्या डोळ्यांना ही उणीव दिसत नाही, कारण ‘हे माझे आहे’ या भावनेत ‘याचे काय हरवले आहे’ हा प्रश्न बुडून जातो. परिग्रह केवळ धनाचा नसतो, सजीवांचाही असतो, हे यावरून कळते.

दारात उभा असलेला प्रश्न

ही कथा परक्या देशांची असली तरी तिचे धागे आपल्या घरांपर्यंत पोहोचतात. आपल्याकडे कंठवाला हिरवा पोपट आजही अनेक घरांत पिंजऱ्यात दिसतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो संरक्षित पक्षी असून त्याला पकडणे, विकणे वा पाळणे हा गुन्हा आहे, याची अनेकांना कल्पनाच नसते. मत्स्यालयांच्या दुकानांतून लाल कानपट्टीची, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, परदेशी कासवे मुलांसाठी विकत घेतली जातात. ती वाढून मोठी झाली की घरचे लोक पुण्यभावनेने त्यांना जवळच्या तळ्यात सोडतात. तेथे ती आपल्या मूळच्या कासवांचे अन्न व जागा बळकावतात. पिंजऱ्यातील पक्षी पैसे देऊन सोडवण्याची प्रथाही पुष्कळ ठिकाणी आहे. सोडवणाऱ्याचा हेतू जीवदयेचाच असतो. पण विकणाऱ्याला मात्र मिळालेल्या पैशांतून आणखी पक्षी पकडण्याची प्रेरणा मिळते. विवेकाची जोड नसलेली दया कोठे नेऊन सोडते, हे जपानच्या मंदिरांतील खांब सांगत आहेत.

मग मुलांनी प्राण्यांवर प्रेम करूच नये काय? असा निष्कर्ष काढणे म्हणजे स्टर्लिंगच्या कथेतील सर्वांत मौल्यवान भाग गमावणे होय. रास्कलची मैत्री लाभली नसती, तर त्या मुलाला सूचीपत्रातील ते चित्र दिसूनही दिसले नसते. जिवाशी जवळीक झाल्याशिवाय अनुकंपा जागत नाही. मात्र ती जवळीक अंगणात पाण्याचे भांडे ठेवून, गच्चीवर दाणे टाकून, जखमी पक्ष्याला जाणत्या उपचारकेंद्रात पोहोचवूनही साधता येते. त्यासाठी पिंजरा लागत नाही.

वसंत-ग्रीष्माच्या दिवसांत अनेकदा मुले एखादे पिलू ओंजळीत घेऊन धावत घरी येतात. घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले, उडायला शिकणारे ते पिलू असते, आणि बहुधा त्याचे आईबाप जवळच्याच फांदीवर कासावीस होऊन ओरडत असतात. अशा वेळी मुलाला रागावू नये, त्याच्या ओंजळीतील मायेचे कौतुकच करावे. त्याच वेळी वेंटवर्थच्या रानात टोपी पुढे करणाऱ्या मुलाला ज्याची जाणीव व्हायला वर्ष लागले, तो एक प्रश्न मात्र त्याला दारातच विचारावा, ‘बाळा, याची आई कुठे आहे?’ आणि मग मुलाचा हात धरून, ते पिलू जेथून उचलले त्या झाडापाशी त्याच्याबरोबर परत जावे.